दिवा लागला म्हणजे चालू

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा स्पिरो. धुणं मशीनमध्ये टाकते न टाकते तोच घंटा. दारात हा उभा, टोपी हातात, चेहरा असा पाडलेला की वाटावं घरात कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय.

"शेजारीणबाई, कॉम्प्युटर गेला."

"गेला म्हणजे? पायांनी गेला?"

"आकडे उमटत नाहीत हो. बोट दुखेपर्यंत दाबतोय."

गेले. आमच्या दोघांच्या दारांत चार पावलंही नाहीत, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही. कीबोर्डच्या उजव्या बाजूला आकड्यांचा जो चौकोन असतो, त्याच्या डोक्यावरची कळ बंद होती. नम लॉक. एक बोट लावलं, वरचा दिवा लागला, आकडे सुरू. स्पिरो "अरे वा!" म्हणाला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मीच लाजले. मग त्याने कॉफी केली. कॉफी मात्र झकास करतो, तिथे खोटं बोलणार नाही.

मी आयुष्यभर कारखान्यात हिशोबाची यंत्रं दुरुस्त केली. बटण, स्विच, खटका, माझ्या हाताखालून गेला नाही असा प्रकार नसेल. आणि आता म्हातारपणी हे, नम लॉक! चालायचंच.

त्याची मुलगी नेवेना स्पेनमध्ये वालेन्सियाला नर्स आहे. तिने बापाला निर्वाणीचं सांगितलंय, ईस्टरच्या आत ठरवा: इथलं, बुर्गासचं घर बंद करून कायमचे तिच्याकडे येता की नाही. लॅपटॉप तिनेच पाठवला, निदान तोंड तरी दिसावं म्हणून. त्याच्या कळा बारीक, म्हणून मी माझा जुना मोठा कीबोर्ड जोडून दिला. भोगते आहे त्याची फळं.

६ फेब्रुवारी

आज कॅप्स लॉक. पासवर्ड घेत नव्हता म्हणे. अहो, घेईल कसा, सगळी अक्षरं मोठी पडत होती! दिवा ढणढणीत लागलेला, नाकासमोर. मी म्हटलं, "शेजारी, हा दिवा दिसत नाही तुम्हाला?"

"मला वाटलं तो शोभेचा आहे."

कपाळावर हात मारून घेतला. मग मात्र त्याने ओव्हनमधून बानित्सा काढली, चीज घातलेली, वरचा पापुद्रा कुरकुरीत. कॉम्प्युटर बंद पडलेल्या माणसाला सकाळी उठून बानित्सा लाटायचं कसं सुचतं, देव जाणे.

१४ फेब्रुवारी

आजचा प्रकार नवा. मजकुरात मधे एक शब्द घालायला जावं तर पुढचं अक्षर गिळलं जायचं. एक लिहा, एक गायब. स्पिरो आमच्या ब्लॉकचा व्यवस्थापक आहे, जिना धुण्याच्या पाळ्या तोच लावतो. त्या पाळ्यांच्या सूचनेत खालच्या मजल्यावरच्या वासिल्काचं अर्धं नाव खाल्लं गेलं होतं. इन्सर्ट कळ! तिला दिवासुद्धा नसतो. एकदा दाबली की नवं अक्षर जुन्याच्या डोक्यावर बसतं, पुन्हा दाबली की जुनी अक्षरं सरकून जागा करून देतात.

आज मी त्याला नीट बसवून समजावलं. म्हटलं, आमच्या वेळचा खटका दाबला की दबलेलाच राहायचा. डोळे मिटूनही बोटाला कळायचं, आत आहे की बाहेर. ही कळ तशी नाही. दाबा, सोडा, ती आपली पुन्हा वर, जशीच्या तशी साळसूद. चालू आहे की बंद हे कळीच्या अंगावर दिसत नाही, मशीन ते आपल्या मनात ठेवतं. पहिल्या दाबाने चालू, दुसऱ्याने बंद, तिसऱ्याने परत चालू. मनातलं बाहेर कळावं म्हणून दिवा.

तो हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे कळ बघून काही कळायचं नाही. आतलं ओळखायला पाहिजे."

"तेच तर मघापासून सांगतेय!"

"हं," म्हणाला, आणि माझ्या पेल्यात वाइन ओतली. आज द्राक्षवाल्यांचा सण, ट्रिफोनचा, म्हणून. वाइन बरी होती. दुसरा पेलाही घेतला.

२० फेब्रुवारी

आज हद्द झाली. स्क्रोल लॉक! उभ्या जन्मात मी स्क्रोल लॉक चुकून दाबलेला माणूस पाहिला नव्हता. ती कळ कुठे असते हेच निम्म्या जगाला माहीत नाही. पाळ्यांच्या तक्त्यात बाण दाबला की चौकट पुढे जाण्याऐवजी अख्खा तक्ताच सरकत होता. ती कळ सापडायला मुद्दाम शोधावी लागते, आणि याला ती आपोआप सापडली. कमनशिबी असतात काही माणसं.

वासिल्काला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता फिदीफिदी हसायला लागली.

"अगं, तो जहाजावर वायरलेसवाला होता ना? तीस वर्षं? ठिपके-रेघा ओळखून वादळात बोटी वाचवणारा माणूस, त्याला कॅप्स लॉक समजत नाही?"

"ते वेगळं, हे वेगळं," मी म्हटलं.

"हो बाई. वेगळंच आहे हे."

तिला यातलं काही कळत नाही, म्हणून मी वाद घातला नाही.

१ मार्च, रविवार

सकाळी सकाळी घंटा. म्हटलं, आता काय, पॉजची कळ? पण हातात मार्तेनित्सा. लाल-पांढऱ्या दोऱ्यांची, स्वतः वळलेली. त्याच्या गाठी बघाव्यात, खलाशाच्याच त्या. माझ्या मनगटावर बांधली. आज सगळेच सगळ्यांना बांधतात, वासिल्कालाही बांधली असेल.

(वासिल्काला विचारलं. तिला बाजारातली दिली.)

मग जायच्या आधी सांगितलं, नेवेनाचा परत फोन आला होता. नातीच्या खोलीतच आजोबांची सोय करायचं ठरतंय. "काय करू, शेजारीणबाई?"

मी सरळ विचारलं, "अडचण काय आहे?"

तो टोपी फिरवत राहिला. "तिथे हे सगळं बिघडलं तर कुणाला बोलावू?"

एवढंच ना! वेड्या माणसाने एवढ्यासाठी लेकीकडे जाणं लांबवलंय. मला इतकं वाईट वाटलं. ठरवलं, याला असं तयार करायचं की आयुष्यात पुन्हा कुणाची गरज पडता कामा नये. निश्चिंत मनाने जाऊ दे बिचारा.

५ मार्च

वर्ग सुरू. आज त्याच्या मशीनमध्ये कळांचे आवाज चालू करून दिले. नम लॉक काही सेकंद दाबून धरली की ती सोय जागी होते. मग तिन्ही लॉकपैकी कुठलीही कळ चालू झाली की उंच सूर, बंद झाली की खालचा. दिवा दिसला नाही तरी कानाला कळेल. वायरलेसवाल्याला याहून सोपं काय हवं?

आणि नियम पाठ करून घेतला, चार वेळा म्हणायला लावला: दिवा लागला म्हणजे चालू, दिवा गेला म्हणजे बंद. कुठल्याही कामाआधी सगळे दिवे तपासायचे. जे लागणार आहे त्याचा दिवा लावून घ्यायचा, मगच सुरुवात.

"कुठलीही कळ असो?" त्याने विचारलं.

"कुठलीही. नियम म्हणजे नियम."

"तुम्ही म्हणाल तसं." कॉफी दिली, पण आज स्वतः प्याला नाही.

८ मार्च

आज महिला दिन, त्याने दारात हायसिंथची कुंडी ठेवली आणि घंटा न वाजवता गेला. म्हणजे बिघाड नाही. शिकवणी लागू पडली!

११ मार्च

आमच्या भिंती म्हणजे नुसते पुठ्ठे. संध्याकाळभर पलीकडून टीं-टूं, टीं-टूं. थांबायचं, परत टीं-टूं, परत थांबायचं, तेही तालात, जहाजावरच्या ठिपके-रेघांसारखं. कॅप्स लॉकवर बोट आपटत बसला असणार. शेवटी मी पळीने भिंत ठोकली आणि ओरडले, "शेजारी! कळीवरचं बोट उचला!"

आवाज एकदम बंद.  मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं झालं. थांबायच्या आधी बहुतेक त्याचा सराव संपतच आला होता.

१५ मार्च

ओव्हन घासला. तो बुधवारीही घासला होता. घेवड्याचं सूप केलं, चार माणसांचं. एकटीला चार माणसांचं सूप कसं झालं कळत नाही. दुपारी दोनदा घंटा वाजल्याचा भास झाला, दार उघडलं, कुणी नाही.

घंटाच बिघडली नाही ना, म्हणून स्टूलवर चढून उघडून पाहिली. ठणठणीत आहे.

१८ मार्च

जिन्यात गाठ पडली. मी म्हटलं, "काय, सगळं चालू आहे ना?"

"सगळं चालू आहे. तुमच्या कृपेने."

"मग आता जायला मोकळे."

तो थांबला. कांद्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी जावं असं तुम्हाला वाटतं, शेजारीणबाई?"

आता मी काय सांगणार? "माणसाने नातवंडं असतील तिथे असावं," म्हटलं. सगळे असंच म्हणतात.

"बरोबर आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, रविवारी फोन येणार आहे, त्या वेळी तुम्ही या, काही बिघडलं तर असावं कुणी. मी हो म्हटलं. घरी येऊन अर्धं सूप ओतून दिलं. कसलीच चव नव्हती त्याला.

२२ मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

अकराला गेले. स्पिरोने शर्ट इस्त्री केलेला, दाढी गुळगुळीत. म्हणाला, "नियमाप्रमाणे सगळे दिवे तपासलेत. एक गेलेला होता, तोही लावून घेतला." मी शाबासकी दिली. कुठला ते विचारलं नाही, मूर्ख मी. मग कॉफी ठेवायला स्वयंपाकघरात गेले. खरं सांगायचं तर त्याने हो म्हटलेलं समोर बसून ऐकायचं नव्हतं मला. हे आज लिहितेय, काल लिहिलं नसतं.

पडद्यावर जावई आला, विसेंत. नेवेना ड्युटीवर होती, सुटल्यावर फोन करणार होती. विसेंत माणूस चांगला, उत्साही, आपली भाषा शब्द-दोन शब्द येते. त्याने मोठ्याने विचारलं, "बाबा, येणार?"

आणि मी ऐकलं. कॉफीच्या भांड्यावर डोळे ठेवून ऐकलं. स्पिरो म्हणाला, "नाही रे बाबा. मी नाही येत. मी इस्क्राला सोडून कुठे जाऊ? तिला वाटतं मला गरज कॉम्प्युटरची आहे."

इस्क्रा म्हणजे मी; एरवी त्याच्या तोंडी नुसती शेजारीणबाई. कॉफी उतू गेली. सगळी शेगडी काळी झाली, मी बघत उभी.

तेवढ्यात पलीकडून जल्लोष! बाहेर येऊन पाहते तर विसेंत खुर्चीतून उठून नाचतोय, टाळ्या वाजवतोय, नातीला हाका मारतोय. मोबाइल पडद्याला लावून काहीतरी दाखवतोय, विमानाचं तिकीट! आणि स्पिरो दगडासारखा बसलेला.

"पाहिलंत?" तो हळूच म्हणाला. "मी येत नाही म्हटलं, तर नाचतायत. एवढा जड झालो होतो मी त्यांना?"

डोळ्यात पाणी होतं हो त्याच्या. आणि माझं लक्ष कुठे जावं? लॅपटॉपच्या वरच्या रांगेत, माईकच्या कळीवर. तांबडा दिवा लागलेला.

त्या कळीवर दिवा लागला म्हणजे माईक चालू नसतो. बंद असतो! जगात एवढ्या कळा, आणि नेमकी ही एक उलटी. मी छातीठोकपणे सांगितलं होतं, कुठलीही कळ असो, दिवा लागला म्हणजे चालू. बिचाऱ्याने कधी नव्हे ती मनापासून आज्ञा पाळली आणि स्वतःचा आवाज बंद करून बसला. त्याचं बोलणं त्या खोलीबाहेर गेलंच नव्हतं. विसेंतला दिसली ती फक्त मान. आणि स्पिरोने नाही म्हणताना मान खालीवर केली असणार, आपल्याकडे नाही म्हणताना सगळेच करतात तशी. तिकडे मान खालीवर केली की हो! नेवेना लग्नाआधी घसा कोरडा करून सांगत होती विसेंतला, या लोकांची मान उलटी चालते. आनंदात कुणाच्या लक्षात राहतं?

मी स्पिरोला सगळं सांगितलं. तो आधी पडद्याकडे, मग कळीकडे, मग माझ्याकडे बघू लागला. मग त्याच्या लक्षात आलं की त्याचं ते वाक्य स्पेनला गेलं नाही, तर मग कुठे गेलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"तुम्ही कुठे होतात?" त्याने विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"दार?"

"उघडं."

मी बोट पुढे केलं आणि कळ दाबली. तांबडा दिवा गेला. "आता बोला," म्हटलं. पण तो कसला बोलतोय! आणि विसेंतला तरी काय कळणार होतं, तो तिकीट नाचवत निघून गेला. आम्ही दोघं शेगडी पुसत बसलो. त्याने फडका पिळला, मी घासलं. 

दुपारी नेवेनाचा फोन. माईक चालू आहे का ते मी स्वतः पाहिलं.

"बाबा, काय चाललंय? विसेंत म्हणतो तुम्ही हो म्हणालात. मला खरं वाटेना. हो की नाही?"

स्पिरोने लेकीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "इस्क्राबाईंना विचार. मी त्यांचा विद्यार्थी आहे." तीस वर्षं वादळात संदेश पाठवणारा माणूस!

आणि माझ्या तोंडून निघालं. कसं ते विचारू नका. "नेवेना, तो येत नाहीये. मी जाऊ देत नाहीये. त्याच्याशिवाय मला करमत नाही. चार माणसांचं सूप करून ओतून देते मी."

पलीकडे शांतता. मला वाटलं परत कुठला दिवा लागला. पण नेवेना हसत होती, आवाज न करता, तोंडावर हात धरून.

"इस्क्रामावशी, मग बाबांच्या नम लॉकचं काय करणार?"

"कसलं काय? शिकलाय आता."

"शिकलाय?" आता ती मोठ्याने हसली. "अहो मावशी, शाळेत असताना मला कॉम्प्युटर याच माणसाने शिकवला! नम लॉक, कॅप्स लॉक, स्क्रोल लॉकसुद्धा! दहा बोटांनी टाइप करतात बाबा, न बघता!"

मी वळले. स्पिरो खिडकीबाहेर बघत होता, समुद्राकडे, अगदी मन लावून.

"तिकीट असू दे, ईस्टरपुरते या," नेवेना म्हणाली. "मी आणखी एक काढते. दोघंही या."

मी उठले, माझ्या सपाता घातल्या आणि घरी आले. दार आपटलं. त्याला ऐकू जावं म्हणून जोरात आपटलं.

२३ मार्च

अजून राग आहे. धो धो राग आहे. धुणं टाकून धावत गेले मी, गुडघे दुखत असताना गेले, पाहुण्यांना बसवून गेले. समजावून सांगताना स्विचची चित्रं काढली कागदावर! आणि हा हनुवटीखाली हात घेऊन "हं" म्हणत होता! एवढं वेड्यात काढलं मला. कारखान्यात माझ्या हाताखालून एक खटका चुकीचा सुटला नाही आणि हा एवढा मोठा खटका शेजारी बसून माझ्यासमोर कॉफी ओतत होता, तो ओळखू आला नाही. वासिल्काला ओळखू आला! तिच्याबद्दल मी महिन्यापूर्वी इथेच लिहिलं होतं, तिला यातलं काही कळत नाही.

स्क्रोल लॉक तर त्याने शोधून काढली असणार. चष्मा लावून, कीबोर्ड पालथा घालून, आता हिला काय नवीन सांगू म्हणून.

हे लिहिताना मला हसू येतंय, ते तेवढं कुणाला सांगायचं नाही.

२४ मार्च, मंगळवार

आज सबंध सकाळ पलीकडून चाहूल नाही. घेवडा भिजत घातला. किती घालावा याचा विचार करत उभी होते, तेवढ्यात घंटा.

दारात तो. हातात टोपी नाही, बानित्सा नाही, कुंडी नाही. रिकामे हात, ते कुठे ठेवावेत हे न कळलेले.

"काय बिघडलंय आज?" मी विचारलं.

"काही नाही, इस्क्रा," तो म्हणाला. "आज काहीच बिघडलेलं नाही."

मी दारातून बाजूला झाले आणि त्याला आत घेतलं.